उसाचं पान डोळ्यात गेलं, पुढं काय? (संशोधन आहे, मग गावात मलम का नाही)

कृष्णाकाठी
मंडळी, लांबण लावतोय, सांभाळून घ्या. माझा मामा वाळवा तालुक्यात, दोन एकर ऊस. डिसेंबरात पाचट काढताना पान सप्पकन डोळ्याला लागलं. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते, ज्यांनी रानात काम केलंय त्यांना सांगायला नको. मामीनं पदराचा बोळा केला, तोंडाची वाफ देऊन शेकलं. दुसऱ्या दिवशी मध घातला. तिसऱ्या दिवशी मेडिकलवाल्यानं "डोळे आल्याचा" ड्रॉप दिला आणि त्यानं लाली इतकी उतरली की मामा परत रानात. नवव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका. मग मिरजेला पळालो. डॉक्टरांनी बुबुळ हलकेच खरवडून काचेवर घेतलं, कसलासा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपमधून मलाही दाखवलं. बारीक दोरे, एकात एक गुंतलेले. बुरशी. आणि मेडिकलच्या त्या ड्रॉपात स्टेरॉइड होतं.

तिथून सात आठवडे नॅटामायसिन. पहिले काही दिवस दर तासाला, रात्रीसुद्धा. दुधासारखं औषध, बाटली हलवून घालायचं, पापण्यांवर खडूसारखं वाळतं. डोळा राहिला पण फूल पडलं. आता त्या डोळ्यानं मामाला कोणीतरी आलंय एवढं कळतं, कोण ते कळत नाही.

रात्री जागून वाचत बसलो तर नेपाळमधल्या भक्तपूरचा २००१ साली छापलेला अभ्यास सापडला. ३४,९०२ लोकांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. बुबुळाला नुसतं खरचटलं असेल तर गावातल्याच कार्यकर्त्यांनी क्लोरॅम्फेनिकॉलचं (जिवाणूंवरचं) साधं मलम तीन दिवस लावायला दिलं. असे ४४२ जण होते, त्यातले ४२४ काही न होता बरे झाले. आणि ज्या २८४ जणांना मार लागल्यापासून १८ तासांच्या आत मलम मिळालं त्यातल्या एकालाही बुबुळाची जखम चिघळली नाही. एकालाही!! २००१ साली हे माहीत होतं तर माझ्या मामाच्या गावात, आशाताईंच्या पेटीत ती ट्यूब का नाही? कुणाला याबद्दल माहिती / अनुभव?

खवचट_काका
कारण ट्यूबचं उद्घाटन करता येत नाही. फीत कुठं बांधणार?

चिपळूणची_सई
वाईट वाटलं वाचून. आमच्याकडे भाताचं कुसळ जातं डोळ्यात, मळणीच्या दिवसात हमखास. आजी पापणी उलटून जिभेच्या टोकानं काढायची. तेव्हा भारी वाटायचं, आता आठवलं की अंगावर काटा येतो.

ढापण्या
सई, माझ्या काकूनं माझ्यावर हा प्रयोग केलाय. तंबाखू खायची ती. पुढचं लिहीत नाही.

नेत्रा_वै
मी बुबुळाचीच डॉक्टर आहे, मराठवाड्यात प्रॅक्टिस. कृष्णाकाठी, तुमच्या मामांची गोष्ट मी महिन्यातून तीनचारदा ऐकते, फक्त पीक बदलतं. ऊस, भात, ज्वारीचं ताट, बैलाची शेपटी. बुरशी झाडपाल्यावर असतेच, खरचटलं की तिला दार उघडं मिळतं. स्टेरॉइडनं लाली आणि दुखणं कमी होतं म्हणून पेशंट खूश, पण आत बुरशीला रान मोकळं. त्यामुळे लाल डोळ्याला मेडिकलमधून परस्पर ड्रॉप घेऊच नका, हे मी रोज ओरडून सांगते.

आता तुमच्या प्रश्नाकडे. भक्तपूरचा अभ्यास मलाही आवडतो, पण त्यात एक खोट आहे. तुलनेला बिनमलमाची गावं नव्हती. सगळ्यांनाच मलम दिलं. बुबुळाला खरचटलेल्या लोकांपैकी पुष्कळ जण तसेही आपोआप बरे होतात, मग श्रेय मलमाला किती द्यायचं? म्हणून नेपाळमध्येच पुढं मोठा अभ्यास झाला, २४ ग्रामविकास समित्या, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निम्म्यांची निवड. तिथल्या महिला स्वयंसेविकांना निळी बॅटरी आणि फ्लुरोसीनच्या पट्ट्या दिल्या. पट्टी ओली करून डोळ्याला टेकवली की खरचटलेली जागा निळ्या उजेडात हिरवीगार चमकते. मग तीन दिवस जिवाणूंवरचं आणि बुरशीवरचं, अशी दोन्ही मलमं. २०२२ ला निकाल छापून आला. ज्या गावांत हे केलं आणि ज्या गावांत नाही केलं, तिथल्या चिघळलेल्या बुबुळांच्या प्रमाणात म्हणावा असा फरक नाही.

मीही हिरमुसले होते तेव्हा.

कृष्णाकाठी
डॉक्टर, तुम्ही तर माझ्या फुग्याला टाचणीच लावली. म्हणजे मलम उपयोगाचं नाही?

नेत्रा_वै
तसं नाही. एकट्या माणसाला १८ तासांत मलम मिळणं चांगलंच. पण गावात ट्यूब ठेवली म्हणजे आख्ख्या गावाचा आकडा उतरेल असं दिसलं नाही. कितीतरी जण स्वयंसेविकेकडे जातच नाहीत, जातात ते उशिरा. किंवा जखम कुठून झाली तेच आठवत नाही. हे माझं मत हं, पेपरातलं वाक्य नाही.

पाटोद्याची_पोर
न जाण्याचं कारण मी सांगते. माझे आईबाप पंधरा सीझन ऊसतोडीला गेले, मी कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, वाढलेली आहे. तोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीवर घेतलेली असते. एकानं एक दिवस दांडी मारली की खाडा, म्हणजे मजुरी तर बुडतेच वर दंड कापून घेतात. माझ्या मायला मोळी बांधताना वाढ्याचं, म्हणजे उसाच्या शेंड्याचं, टोक डोळ्यात गेलं, मी तेव्हा सातवीत. डोळ्याला फडकं बांधून तिनं गाडी भरली. पाचव्या दिवशी कारखान्याच्या गावात दवाखान्यात गेली ती बी कशी, तर त्या दिवशी यंत्र बंद पडलं होतं आणि तोड थांबली होती म्हणून. आता तुम्ही आशाताईच्या पेटीत ट्यूब ठेवा नाहीतर सोन्याची डबी ठेवा. ती आशाताई कुठल्या गावची? आम्ही तर चार महिने कुठल्याच गावचे नसतो.

आणि बाप्याचा डोळा आणि बाईचा डोळा यात फरक असतो. बापाच्या पायाला कोयता लागला तर त्याच रात्री ट्रॅक्टरमधून नेलं होतं.

चिपळूणची_सई
😔 +१००

अनुस्वार
पाटोद्याची पोर, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा प्लीज. जगातल्या अंध माणसांत निम्म्याहून जास्त, साधारण ५५ टक्के बायका आहेत. बायका जास्त जगतात हे एक कारण सांगतात, पण तेवढंच नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन बायकांपर्यंत पोचायला अनेक देशांत उशीर होतो हे वीसेक वर्षं लिहिलं जातंय. आमच्या घरातलंच बघा, आजोबांचा मोतीबिंदू पिकायच्या आधी काढला, आजीचा तिनं चहात साखरेऐवजी मीठ घातल्यावर.

खवचट_काका
अनुस्वार, आमच्याकडे डोळे शाबूत असताना पण मीठ पडतं. (दिवे घ्या)

ढापण्या
थोडं अवांतर होईल पण डोळ्याची इजा + संशोधन म्हटल्यावर राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यात कॉकपिटच्या झाकणाचे पर्स्पेक्सचे तुकडे घुसायचे. हॅरल्ड रिडली नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळ्यात वर्षानुवर्षं राहिले तरी डोळा त्यांच्यावर चिडत नाही. त्यावरून त्याला सुचलं की याच प्लॅस्टिकचं भिंग करून मोतीबिंदू काढल्यावर आत बसवावं. २९ नोव्हेंबर १९४९, लंडनचं सेंट थॉमस हॉस्पिटल. त्याचे सहकारी पुढं कित्येक वर्षं त्याला नावं ठेवत होते. पण आज तुमच्या आमच्या घरात ज्यांनी ज्यांनी "लेन्स बसवली" ती सगळी त्या फुटक्या विमानांची देणगी.

अनुस्वार
आणि ती लेन्स सामान्य माणसाला परवडायला १९९२ उजाडलं, जेव्हा मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयवाल्यांनी ऑरोलॅब काढून स्वतःच लेन्स बनवायला घेतल्या. बाहेरून आणलेल्या लेन्सच्या किमती ऐकून गरीब पेशंट जाड भिंगाच्या चष्म्यावरच भागवायचे. डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलेलं हॉस्पिटल आहे ते. म्हणजे शोध लागणं आणि तो शोध मामाच्या गावात पोचणं यात ४३ वर्षं.

टेक्सासची_मावशी
अरविंदवरून आठवलं. मी इकडे एका लॅबमध्ये आहे (डोळ्यांच्या नाही). इकडे बुबुळाची जखम म्हटलं की पहिला संशयित कॉन्टॅक्ट लेन्स. लेन्स घालून झोपतात, नळाच्या पाण्यानं धुतात. प्रमाणही बघा, मिनेसोटाच्या एका काउंटीत लाखामागे वर्षाला ११ आणि मदुराई जिल्ह्यात ११३. दहापट.

आता खरी गंमत. २००६ मध्ये इथे लेन्सच्या एका सोल्युशनमुळे बुरशीची साथ आली, तीच फ्युजेरियम जी तिकडे शेतात असते. खात्रीशीर पेशंट किती? १६४. सीडीसीची (अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेची) माणसं कामाला लागली, वसंतात बातमी आली आणि मे महिन्यात ते सोल्युशन जगभरातून परत मागवलं. उलट जगभरात बुबुळाला बुरशी लागणाऱ्यांचा अंदाज वर्षाला दहा लाखांच्या वर आहे, आणि त्यातले बहुतेक आशिया-आफ्रिकेतले. उसाचं पान काही कुणी परत मागवत नाही.

खवचट_काका
मावशी, आज पहिल्यांदा माझ्याकडे टोमणा नाही.

डेटावाला_केदार
मग संशोधन कोणावर होतं आणि फायदा कुणाला हाही प्रश्न आहेच ना. गूगलनं २०१६ मध्ये मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा बिघाड ओळखणारं एआय दाखवलं, ते १,२८,१७५ फोटोंवर शिकलं आणि त्यातले बरेच फोटो भारतातल्या तीन नेत्ररुग्णालयांतले. आपल्या काकामावशींचे डोळे वापरून कंपन्या मोठ्या होणार. बुरशीच्या औषधांच्या चाचण्याही अमेरिकेच्या पैशानं मदुराईत झाल्या म्हणे. आपण काय गिनीपिग?

नेत्रा_वै
केदार, एआयचं तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. पण औषधाच्या चाचणीबद्दल मी भांडणार. मदुराईत बुरशीचे पेशंट आहेत म्हणून चाचणी मदुराईत झाली, टेक्सासला करायची तर मावशींना पुरेसे पेशंट गोळा करता करता निवृत्त व्हावं लागेल. प्रश्न असा होता की जुनं नॅटामायसिन चांगलं का नवं, जास्त महाग व्होरिकोनॅझॉल. सगळ्यांना वाटत होतं नवं जिंकणार. ३२३ पेशंट झाले आणि चाचणी लवकर थांबवावी लागली, कारण नव्या औषधाच्या गटात जास्त डोळे फुटत होते. २०१३ साली छापलं. जुनं जिंकलं. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नॅटामायसिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. कृष्णाकाठींच्या मामांना दर तासाला जे खडूपाणी घातलं ते कुठल्या डॉक्टरची लहर म्हणून नाही, त्या ३२३ जणांमुळे. आणि त्यांच्यात बरेच शेतकरी-मजूर होते, त्यामुळे उत्तर त्यांच्यासारख्यांनाच लागू पडलं. मला छळतो तो उलटा प्रकार. आपले पेशंट चाचणीतच नसतात आणि भलत्यांवर झालेल्या अभ्यासाची गोळी आपल्याला.

ढापण्या
जाता जाता, नॅटामायसिन हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतावरून. तिथल्या मातीतल्या जंतूपासून पन्नासच्या दशकात मिळालं. आणि चीजच्या सालीला बुरशी लागू नये म्हणूनही हेच लावतात.

कृष्णाकाठी
म्हणजे पिझ्झ्यावर आणि मामाच्या डोळ्यात एकच औषध? मामीला सांगतो, ती तसंही म्हणत होती डोळ्यात चुना घातल्यासारखं दिसतंय.

बार्शीकर
चुन्याचं नाव काढलंत म्हणून. गेल्या मे महिन्यात घरचं लग्न, मांडवात तंबाखूवाल्यांच्या पायाशी चुन्याची पुडी पडलेली. माझ्या पाच वर्षांच्या भाच्यानं ती दोन्ही मुठींत धरून दाबली, फट् करून फुटली आणि सगळा चुना डोळ्यात. पोरगं किंचाळतंय, एक जण म्हणतो तूप घाला, एक म्हणतो दूध. माझ्या आईनं कुणाचंच ऐकलं नाही. पोराला आडवं काखेत धरलं, आचाऱ्याच्या पिंपाच्या तोटीखाली डोकं धरलं आणि पापण्या बोटांनी फाकवून पाणी सोडत राहिली. पोरानं तिच्या हाताला चावे घेतले, शालू भिजला, वरात खोळंबली. अर्धा तास. डॉक्टर नंतर म्हणाले याच्या आजीनं डोळा वाचवला. माझी आई चौथी पास आहे.

नेत्रा_वै
बार्शीकर, आईंना माझा नमस्कार सांगा. 🙏 चुना म्हणजे अल्कली, तो आम्लापेक्षा वाईट, आत आत झिरपत जातो. भरपूर स्वच्छ पाणी, लगेच, तिथल्या तिथे, निदान अर्धा तास. पापणीच्या आत अडकलेला कण तपासायला मग दवाखाना. गाडी काढायच्या आधी पाणी. मुलांच्या डोळ्यात चुन्याची पुडी फुटणं हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं आहे, बाहेरच्या पुस्तकात सिमेंट, ड्रेन क्लीनर सापडतील, चुन्याची पुडी नाही.

आणि समतेचा विषय निघालाय तर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचं काम सांगायलाच हवं. चुन्यानं बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी जळतात, त्या गेल्या की बुबुळावर नवी कातडी येत नाही, सगळं लालपांढरं होतं. इटलीत १९९७ मध्ये चांगल्या डोळ्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवून लावून दाखवल्या, पण त्याला खास लॅब पाहिजे, अफाट खर्च. हैदराबादला डॉ. वीरेंद्र सांगवान आणि मंडळींनी २०१२ मध्ये सोपी युक्ती छापली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा घ्यायचा, त्याचे आठदहा कण करायचे, जखमी डोळ्यावर गर्भजलपिशवीचं पातळ आवरण पसरायचं आणि त्यावर ते कण गोल मांडून जैविक गोंदानं चिकटवायचे. पेशी डोळ्यातच वाढतात. लॅबची गरजच नाही. पुढं १२५ जणांचा अभ्यास आला, ७६ टक्क्यांत टिकलं.

चिपळूणची_सई
अगं बाई, ही तर भातलावणी झाली! तरवा काढायचा, चिखल करायचा आणि अंतर ठेवून रोवायचं.

नेत्रा_वै
सई, उद्यापासून पेशंटना असंच सांगणार. आत्तापर्यंत मी "पेशींचं प्रत्यारोपण" म्हणायचे आणि ते मान हलवून "बरं" म्हणायचे.

आत्याबाई
मामांना नेत्रदानातून बुबुळ मिळणार नाही का? माझ्या सासऱ्यांचं आम्ही केलं. सहा तासांच्या आत बुबुळ काढावं लागतं, म्हणून लगेच कळवायचं. फोनवर सांगितलं पंखा बंद करा, पापण्या मिटवून ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. दोघं जण आले, वीसएक मिनिटांत काम झालं, पुढची काचेसारखी चकती तेवढी घेतली, चेहऱ्यावर काही कळत नव्हतं. नणंद आधी चिडली होती, पुढच्या जन्मी आंधळे होतील म्हणाली. दिरांनी तिला विचारलं की आणि बाकीचा देह जाळतोय त्याचं काय?

खवचट_काका
दिरांना सभासद करून घ्या.

नेत्रा_वै
आत्याबाई, मिळू शकतं, पण घाई नको. बुरशी पूर्ण मेली पाहिजे, डोळा शांत पाहिजे, आणि फुलामागं डोळ्याचा दाब, पडदा ठीक पाहिजे. शिवाय बुबुळ बदललं की वर्षानुवर्षं ड्रॉप आणि तपासण्या. उसाच्या रानातला माणूस दर दोन महिन्यांनी येऊ शकेल का, हे मी ऑपरेशनच्या आधी विचारते.

पाटोद्याची_पोर
हे विचारणारी डॉक्टर मायला मिळाली असती तर बरं झालं असतं. तिला तिथं ओरडलेच फक्त, एवढ्या उशिरा का आलीस म्हणून.

डेटावाला_केदार
औषधाच्या चाचणीबद्दलचं माझं म्हणणं मागं घेतो. एआयचं नाही घेत.

अनुस्वार
मूळ प्रश्न राहिलाच. मलम ठेवून आकडा उतरत नाही हे नेपाळनं दाखवलं, ठीक. मग डोळ्याला लागूच नये यासाठी गॉगल? कारखान्यांनी कोयते देतात तसे गॉगल द्यावेत की.

पाटोद्याची_पोर
कोयते आमचे आम्हीच आणतो.

आणि गॉगल एका संस्थेनं वाटले होते एकदा. पहाटे थंडीत काच धुक्यानं पांढरी, दुपारी घामानं. टनावर मजुरी असताना दर दोन मिनिटाला काच कोण पुसणार? संध्याकाळी सगळे गॉगल पोरांच्या डोळ्यावर, कोप्यांच्या मागं हिरो झालेले.

कृष्णाकाठी
सगळ्यांना धन्यवाद, एवढं वाचायला मिळेल वाटलं नव्हतं. दोन गोष्टी केल्या. गावातल्या आशाताईंशी बोललो. त्या म्हणाल्या ट्यूब वरून आल्याशिवाय मी देऊ शकत नाही, पण डोळ्याला पान लागलं तर त्याच दिवशी मला फोन करा, प्राथमिक केंद्रात बसवून पाठवते. मेडिकलवाल्याकडेही गेलो. भांडायलाच गेलो होतो खरं तर. त्याला माहीतच नव्हतं त्यात काय आहे, खोक्यावरचं बारीक अक्षर त्यालाही चष्मा लावून वाचावं लागलं. आता देणार नाही म्हणालाय, बघू.

दुसरं म्हणजे गॉगल. मामाला वेल्डिंगवाल्यांकडे मिळतो तसला पांढऱ्या काचेचा आणून दिला. आठ दिवस खुंटीला. काल गेलो तर घालून पाचट काढत होता. विचारलं वाफ नाही का धरत, तर काढून दाखवला. चुलीत दाभण तापवून त्यानं वरच्या कडेला पाच आणि खालच्या कडेला तीन भोकं पाडलीत. मामीलाही एक करून दिलाय.

पाटोद्याची_पोर
भोकं काचेला का कडेच्या प्लॅस्टिकला? फोटो टाका ना. आणि दाभण किती जाड?